दोन पावसाळ्यांत फाटलेली वाकळ

माझी पहिली वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, फक्त दोन पावसाळे टिकली. तिसऱ्या मिरगाच्या आधी धुवून गच्चीवर वाळत टाकली आणि संध्याकाळी उचलायला गेले तर मधोमध हातभर फाटलेली, आणि बघते तर एक टाका सुद्धा सुटलेला नाही. दोरा जसाच्या तसा, शिवण सरळ, पण शिवणीला लागून असलेलं कापड ब्लेडने कापल्यासारखं गेलेलं. तिथेच कट्ट्यावर बसून रडले मी, खरंच सांगते, कारण त्या फाटलेल्या जागी आज्जीचं इरकल लुगडं होतं आणि ते आता परत कुठून आणणार.

म्हणून आज हे सगळं लिहून काढते आहे. घरातल्या जुन्या साड्या, टेलरकडची कातरणं, पोरांचे लहान झालेले फ्रॉक यांचं काहीतरी करायचं असं बऱ्याच जणींच्या मनात असतं, मोबाईलवर व्हिडिओ बघून आपण उत्साहाने बसतो सुद्धा, पण त्या व्हिडिओत सगळं कापड नवं कोरं, एकाच जातीचं, इस्त्री केलेलं असतं. आपल्याकडचं गाठोडं तसं नसतं ना.

आधी नावाचं सांगते. पुण्याकडचे लोक गोधडी म्हणतात, आमच्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाकळ म्हणतात, आणि आमच्या गल्लीतल्या कन्नड घरांत कौदी. लहान बाळाची असली की दुपटं. आम्ही घरात वाकळ म्हणतो आणि समोरच्या आक्कांशी बोलताना कौदी म्हणतो, त्यात कुणाला काही वाटत नाही, चहा पण तसाच दोन्ही भाषांत होतो आमचा.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे तर त्याहून जास्त, जून लागला की भिंतींना ओल, जमिनीला ओल, अंथरुणाला पण एक ओलसर वास. त्या दिवसांत वाकळ हीच अंथरायला आणि हीच पांघरायला. गाद्या नव्हत्याच घरात. खाली दोन, वर एक, आणि आज्जीच्या कुशीत जागा मिळाली तर वरची पण नको. म्हणून मे महिन्यात सगळ्या वाकळा नदीवर न्यायच्या, दगडावर आपटून धुवायच्या आणि तापलेल्या खडकांवर पसरायच्या. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, त्या पिळण्यात आम्ही पोरी अर्ध्या भिजून निघायचो. संध्याकाळी घरी आणताना त्यात उन्हाचा जो वास असायचा ना, तो मला अजून कुठल्या पावडरीत सापडलेला नाही.

आज्जीचा एक नेम होता. वाकळ पूर्ण होत आली, शेवटचं ठिगळ लावायचं राहिलं की त्याच्या खाली कडक वाळवलेल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवून मग शिवून टाकायची. मी विचारलं तर म्हणायची, "वाकळ उपाशी ठेवू नये गे पोरी, ती आपल्याला ऊब देणार, तिच्या पोटात काय नको?" मी पहिली वाकळ केली तेव्हा हे मात्र आठवणीने केलं होतं. बाकी जे आठवायला पाहिजे होतं ते विसरले.

काय विसरले ते मला समोरच्या आक्कांनी सांगितलं.

या आक्का मूळच्या सौंदत्तीकडच्या, वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर कौद्या शिवलेल्या. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो, इथे अजून काही घरांतून मागाचा खडखडाट ऐकू येतो, वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा भाग, शहापुरी साड्या इथल्याच. तर मी ती फाटलेली वाकळ घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी शिवणीकडे बघितलंच नाही. कापड दोन बोटांत धरून चोळलं, उजेडात धरलं, मग फाटलेल्या जागेच्या शेजारी अंगठा दाबला आणि तिथे पण टर्रकन गेलं. माझ्या पोटात धस्स झालं. त्या म्हणाल्या, "मोदल अरिवी नोडबेकव्वा, आमेल सूजी." आधी कापड बघायचं बाई, सुई नंतर. मग मराठीत, "शिवलीस चांगलं तू, पण कुणाला कुणाशेजारी बसवलीस ते बघितली नाहीस की गे."

झालं होतं असं, की मी आज्जीचं पन्नासेक वर्षांचं विरलेलं सुती इरकल घेतलं, आणि त्याला जोडून माझ्या बहिणीच्या नव्या सिंथेटिक ड्रेसची ठिगळं लावली कारण रंग मस्त जमत होता, जांभळा आणि मोरपंखी. आणि शिवायला घेतला पॉलिस्टरचा दोरा, मशीनवरचा, दुहेरी, घट्ट ओढून. आता बघा, सिंथेटिक कापड धुतल्यावर आटत नाही, सुती आटतं, म्हणजे धुताना वाळताना सुती कापड ओढलं जाणार आणि शेजारचं जागचं हलणार नाही. त्यात दोरा कापडापेक्षा मजबूत. ओढाताणीत जो कमजोर तो जाणार. आज्जीचं इरकल गेलं आणि ड्रेसच्या ठिगळाला ओरखडा पण नाही.

त्या दिवसापासून पुढचे दोन महिने मी शिवलंच नाही काही, फक्त रोज दुपारी आक्कांकडे गाठोडं घेऊन जायचे आणि कापड निवडायचे. तांदूळ निवडतो तसं. आणि मला आता ठाम वाटतं की वाकळीचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे, टाके काय, आठ दिवसांत हात बसतो कुणाचाही.

निवडायचं कसं ते सांगते. पहिली गोष्ट अंगठा. कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचं आणि अंगठ्याने मधे दाबायचं. विरलेलं असेल तर धागे बाजूला सरकतात किंवा सरळ फाटतं. उजेडात धरलं की जाळी पडलेली दिसते. साडी सगळीकडे सारखी विरत नाही हे मला माहीतच नव्हतं, बसायच्या जागेला आणि कमरेला खोचतो तिथे आधी जाते, निऱ्यांचा आतला भाग वीस वर्षांनी पण ठणठणीत असतो. म्हणजे अख्खी साडी टाकून द्यायची गरज नाही, चांगला भाग फाडून घ्यायचा. सुती कापड फाडलं की धाग्यात सरळ फाटतं, कात्रीने कापलं तर आपला हात वाकडा जातो, म्हणून मोठे तुकडे मी आता फाडतेच.

दुसरं, सुती आहे का नाही. हाताला कळतं हळूहळू, पण सुरुवातीला मी दोन तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघायचे, मोरीत, जवळ पाण्याचा तांब्या ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो, वास पण जळक्या कागदाचा आणि मागे मऊ राख. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. हे करून बघितल्यावर कळलं की आमच्या घरात जे खणाचे ब्लाऊजपीस म्हणून जपून ठेवले होते त्यातले बरेचसे मणीवाले निघाले. खण म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुडचा, त्रिकोणी घडी घालून ठेवलेला, तो वेगळाच असतो, आईच्या पेटीत दोन होते, हाताला लगेच फरक कळतो. पॉवरलूमवरचा सिंथेटिक खण वाईट असं नाही, बटव्याला, तोरणाला झकास दिसतो, फक्त त्याला विरलेल्या सुतीच्या शेजारी बसवायचं नाही.

आणि इरकल. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण आपल्या भागात प्रत्येक घरात एक तरी इरकल असतंच. जुन्या पद्धतीच्या इरकलात अंग सुती असतं आणि पदर रेशमी, आणि ते दोन्ही विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात, पदराच्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना अंगाच्या ताण्याचे धागे फास घालून जोडतात, त्याला तिकडे टोपे तेनी म्हणतात. किनार पण रेशमी किंवा आर्ट सिल्कची, गोमी, चिक्कीपारस अशी तिची नावं. म्हणजे एकाच लुगड्यात दोन तीन जातीचं सूत झालं ना. अख्खं लुगडं तसंच घडी घालून थर म्हणून घातलं तर अंग आटतं, पदर वेगळा वागतो आणि दोन धुण्यांत गाठी गोळे येतात. म्हणून आधी पदर वेगळा करायचा, किनार वेगळी करायची, अंग थराला वापरायचं. किनारीच्या पट्ट्या तर सोनं आहे, पिशवीच्या बंदाला, वाकळीच्या कडेला, उशीच्या अभ्र्याला. लाल पदराचा रंग जातो बऱ्याचदा, पांढरं ओलं फडकं त्यावर घासून बघायचं, लाल लागलं तर तो वाकळीत नको, एका धुण्यात सगळी वाकळ गुलाबी होते.

तर माझे आता ढीग ठरलेले आहेत. जुनं मऊ सुती, म्हणजे लुगडी, धोतरं, पंचे, हा एक. तुलनेने नवं सुती, यात टेलरकडचं टू बाय टू आणि पॉपलीन, मुलीच्या शाळेचे फ्रॉक, मांजरपाट. हे दोन ढीग एकमेकांना चालतात, फक्त नवं कापड आधी रात्रभर भिजवून खळ काढायची, धुवून वाळवायचं, त्याचं आटणं आधीच होऊन जाऊ द्यायचं. तिसरा टेरीकॉट, शर्टपँटचा, जाड, टिकाऊ, त्याची वाकळ करायची तर सगळी त्याचीच करायची, अंथरायला चांगली होते. मग सिंथेटिक साड्या. जीन्स वेगळी. आणि टीशर्टचं ताणलं जाणारं कापड, ते वाकळीत मी अजिबात घेत नाही, त्याची पायपुसणी विणते. ठिगळाच्या कडा उभ्या आडव्या धाग्यात असल्या तर उत्तम, तिरप्या उरेब कडेचं ठिगळ शिवताना ताणलं जातं आणि मग वाकळीला लाटा येतात. ब्लाऊजच्या कातरणांत तिरके तुकडे फार, बाहीच्या खालचे, मुंढ्याचे, त्यांची कड दुमडून चौकोन करून घ्यायचे, थोडं कापड वाया गेलं तर जाऊ दे.

मग दुसरी वाकळ घातली. सासूबाईंचं नऊवारी होतं, सुती, त्यांनीच काढून दिलं, म्हणाल्या ट्रंकेत ठेवून काय कसर लागू दे काय. नऊवारी म्हणजे ९ वार, २७ फूट. त्याचे ४ तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट. पन्हा ४५ इंच. आता नुसता ४५ इंच एका माणसाला अरुंद पडतो, झोपेत पाय बाहेर जातात, म्हणून मी चौथा तुकडा उभा फाडून त्याच्या १५ इंचाच्या ३ पट्ट्या केल्या आणि उरलेल्या तीन तुकड्यांना एकेक जोडली. म्हणजे एका लुगड्यात जवळपास ५ फूट बाय पावणेसात फुटांचे ३ थर, शून्य तुकडा वाया. हे गणित मी वहीत चित्र काढून केलं आणि जमलं तेव्हा इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला आक्कांचं दार वाजवून दाखवलं. जोड तीनही थरांत एकाच बाजूला येऊ द्यायचे नाहीत, एकाचा डावीकडे, एकाचा उजवीकडे, नाहीतर तिथे दोरखंडासारखा उंचवटा होतो आणि पाठीला टोचतो.

थर अंथरायला जागा लागते. आम्ही हॉलमधलं सगळं हलवून फरशीवर घातले, चार कोपऱ्यांना वरवंटा, खलबत्ता, दोन तांदळाचे डबे. हाताने मधून बाहेर सारखं करत जायचं, एकही सुरकुती आत राहिली तर ती कायमची. मग वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके, आडवे उभे, सगळे थर एकमेकांना धरून ठेवण्यापुरते, हे शेवटी उसवून टाकायचे. हा टप्पा गाळू नका, पहिल्या वेळेला मी टाचण्यांवर भागवलं होतं आणि खालचा थर चार बोटं सरकला होता.

वरच्या ठिगळांसाठी मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळकडची पद्धत घेतली. नात्यातल्या लग्नाला हल्याळला गेलो होतो, तिथे एका सिद्दी घराच्या अंगणात कवंद, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, वाळत घातलेली बघितली आणि पाय निघेना तिथून. सिद्दी लोक म्हणजे काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहतात, आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात पण त्यांची घरं आहेत. त्यांच्या बायका कवंद करताना आधी ठिगळांचा वरचा थर वेगळा जोडून घेत नाहीत. खाली साडी पसरायची आणि कोपऱ्यापासून सुरू करून एकेक ठिगळ कड दुमडून ठेवत, धावदोऱ्याने सगळे थर एकदमच शिवत, कडेकडेने गोल फिरत आत आत येत जायचं, शेवटचं ठिगळ मधोमध. म्हणजे ठिगळ लावणं आणि शिवणं एकाच हाताने होतं. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं धरत नाहीत. त्यांचं काम बाहेरच्या देशांत पण पोचलंय, हेन्री ड्रुअल या अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या मदतीने २००४ मध्ये तिथल्या बायकांची सहकारी संस्था सुरू झाली. त्या अंगणातल्या बाईंनी मला आत बोलावून कोपरा कसा घडी घालायचा ते दोनदा करून दाखवलं, कोकणी मराठी मिसळून बोलत होत्या, सगळं कळलं मला.

आज्जीची पद्धत वेगळी होती, ती एका बाजूने सरळ ओळी घालत दुसऱ्या बाजूला जायची. मी दोन्ही करून बघितलं. गोल फिरत आत येताना कापडाचा फुगा मधे जमत जातो, हात सतत मधून बाहेर फिरवत राहावं लागतं, पण दिसायला जे येतं ते सरळ ओळींत येत नाही, पाण्यात खडा टाकल्यावर कडेपर्यंत जातात तशा ओळी दिसतात. नवशिक्यांनी सरळ ओळींनीच सुरुवात करावी असं माझं मत.

दोरा सुती, एकेरी, मेण लावून. ओढायचा बेताने, दोऱ्याने कापडावर झोपलं पाहिजे, कापड आवळता कामा नये. हे आक्कांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं, सांगून कळत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान घालाच, मी तीन दिवस न घालता केलं आणि बोटाला भोकं पडून भांडी घासता येईनात.

किती काम असतं याचा अंदाज यावा म्हणून एकदा हिशोब केला होता. धरून चला साडेचार फूट बाय साडेसहा फुटांची तयार वाकळ, अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळ, म्हणजे १०८ ओळी. प्रत्येक ओळ ७८ इंच. झाली ७०२ फूट शिवण. एक ओळ मला पंधरा मिनिटांत होते, म्हणजे नुसत्या ओळींचे २७ तास, आणि त्यात निवडणं, फाडणं, जोडणं, कच्चे टाके, ठिगळं दुमडणं काहीच धरलेलं नाही. हे मुद्दाम लिहिते कारण मागे एका ओळखीच्या बाईंनी माझ्याकडून वाकळ करून मागितली आणि किंमत सांगितल्यावर म्हणाल्या, चिंध्यांचे एवढे? मला फार लागलं ते. कापड चिंध्यांचं असेल हो, तास कुणाचे चिंध्यांचे असतात? त्यानंतर वाकळ मी विकत नाही, द्यायची असेल तर देते. आणि दारावर येऊन वाकळ शिवून देणाऱ्या बायका लहानपणी यायच्या, पायलीभर जोंधळे आणि चहा यावर चार चार दिवस ओसरीवर बसून शिवायच्या, त्यांची आठवण झाली की आता वाईट वाटतं, आम्ही किती कमी देत होतो त्यांना.

छोट्या वस्तू मात्र विकते, गल्लीत, ओळखीत. वाकळीतून जे उरतं त्याच्याच करते. बाजाराची पिशवी सगळ्यात जास्त जाते, कर्नाटकात २०१६ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा पहिल्यांदा लोकांनी मागून घेतल्या, तेव्हापासून चालूच आहे. जीन्सच्या पायाचा तळ, वर खणाची पट्टी, इरकलच्या किनारीचे बंद. जीन्सला मशीनची सुई १६ नंबरची लावा, नेहमीची मोडते, आणि जिथे चार पदर एकावर येतात तिथे चाक हाताने फिरवा. बंद पिशवीच्या कडेला नुसता शिवू नका, दोन इंच आत नेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला, पाच किलो बटाटे घातले तरी तुटत नाही.

भाकरीचं फडकं तर प्रत्येक घरात पाहिजे. धोतराचे दोन थर, हातभर चौकोन, कडेने पट्टी, बास. गरम भाकरी त्यात ठेवली की वाफ फडकं पिऊन घेतं आणि भाकरीला पाणी सुटत नाही. गरम भांडं धरायचे चौकोन पण फक्त सुतीचेच करा, कळकळीने सांगते, सिंथेटिक तव्याला लागलं तर वितळून हाताला चिकटतं. खणाच्या तुकड्यांचे बटवे, मोबाईलचे पाऊच, गणपतीत दाराला तोरण. अगदी बोटाएवढ्या चिंध्या आणि उसवलेला दोरा पण मी टाकत नाही, बारीक कापून सुयांच्या उशीत भरते.

दुपट्याचं मात्र वेगळं. भावाच्या बाळाला केलं तेव्हा फक्त पंधरावीस वेळा धुतलेलं सुती घेतलं, दोनच थर, वर एकही बटण नाही, टिकली नाही, जर नाही, गाठी सगळ्या आत. बाळं दुपट्याचं टोक तोंडात घालतातच. आमची वहिनी म्हणाली दुकानातलं किती छान कार्टूनचं मिळतं, मी काही बोलले नाही. महिन्याभराने तीच फोन करून म्हणाली, "वन्सं, ते दुपटं वाळेपर्यंत हा झोपतच नाही, अजून एक करून द्या की."

आता सध्याचं काम सांगून थांबते. ती फाटलेली पहिली वाकळ मी टाकली नव्हती. आमच्याकडे जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात घालायची रीतच आहे, वरून नवे थर चढत जातात आणि आत दोन पिढ्या जुनं कापड असतं. या मार्चमध्ये तिची सगळी सिंथेटिक ठिगळं उसवून काढली, मुलगी मदतीला बसली होती, नववीत आहे. तिला मी काही शिकवलेलं नाही, आक्कांकडे माझ्याबरोबर येऊन बसायची तेवढंच. उसवता उसवता तिने एक तुकडा उचलला, उजेडात धरला, अंगठा दाबला आणि बाजूला ठेवून म्हणाली, "आई, हे नको, हे गेलंय. हे बघ, हे चालतंय." आज्जीच्या इरकलातले असे चालणारे तीनच तुकडे निघाले, तळहाताएवढे. ते थराला पुरणार नव्हते, म्हणून त्यांची घडी घालून नव्या वाकळीच्या तीन कोपऱ्यांना फुलं केली. चौथ्या कोपऱ्यासाठी आक्कांनी त्यांच्या पेटीतून एक जुना हिरवा सुती तुकडा काढून दिला, अंगठ्याने दाबून बघूनच.

मधलं शेवटचं ठिगळ राहिलंय. भाकरीचा तुकडा वाळत घातलाय, पण दोन दिवस वळीव येऊलाय आणि काही केल्या कडक होईना.